दोनदा मोजलेल्या मुली

बिदर,
रविवार, ९ जून २०२४

चि. नेत्रास आत्याचे आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघा बरा नाही, आणि या दोन्ही बातम्या तुझ्या बाबाने तुला आधीच पोचवल्या असणार. गिरिधरच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. तुझी तब्येत मी विचारत नाही. बंगळुरात राहून दोन्ही वेळा शेवया उकळून खाणाऱ्या मुलीची तब्येत विचारण्यात अर्थ नाही.

तुझ्या लेखाचा खर्डा वाचला, शेवटचा आकडा अजून न भरलेला. सगळा वाचला, तळटीपांसकट, हातात पेन्सिल घेऊन. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण स्वल्पविराम तू मुठीने मीठ टाकावं तसे टाकतेस. ते दुरुस्त करून सोबत पाठवते आहे.

आता मुख्य गोष्ट. पान सातवर माझ्या वसतिगृहाला तू 'उपचार' म्हटलं आहेस. आमच्या गावांना 'उपचार गट', आणि सीमेपलीकडच्यांना 'तुलना गट'. मी मुख्याध्यापिका होते, नेत्रा, कंपाउंडर नव्हते. फोनवर तू म्हणालीस, "आत्या, ती नुसती परिभाषा आहे, मनावर घेऊ नकोस." मी मनावर घेतलं आहे. फोनवर आपलं भांडण होतं, मग तू 'नेटवर्क जातंय' म्हणतेस आणि ते खरोखरच जातं. म्हणून पत्र. पत्रात मला मध्येच तोडायला कुणी नसतं.

मला जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते. कमलनगरला आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलाला २०११ साली सरकारने मुलींचं वसतिगृह दिलं. त्यामुळे खेड्यांतल्या मुली दहावीपर्यंत टिकल्या का, हे तुला पाहायचं आहे. म्हणून तू सीमेच्या अलीकडची, आमची गावं घेतलीस आणि पलीकडची, महाराष्ट्रातली गावं घेतलीस, जिथे वसतिगृह नव्हतं. भाषा तीच, जमीन तीच, सोयरिकी एकमेकांत. फक्त सरकार वेगळं. बरोबर?

मग एवढा खटाटोप कशाला? मला विचारायचंस. टिकल्या. मी तिथे होते. यावर तू जे म्हणालीस ते माझ्या कानात अजून आहे: "तुला वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही, आत्या." हे वाक्य माझ्या तोंडावर यापूर्वी फक्त एका बाईने म्हटलं होतं, गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनाने, भागाकाराच्या तासाला. तेव्हाही मला राग आला होता आणि तेव्हाही मी घरी जाऊन भागाकार शिकले होते.

तर आताही शिकते आहे. वरच्या मजल्यावर लिंगराज सर भाड्याने राहतात, पदवी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. मी तुझा लेख घेऊन जिना चढले. ते म्हणाले, "अक्का, ह्या वयात कामून डोकं शिणवायलाव?"

"भाचीशी भांडायचं आहे."

"मग वकील लावा की, सस्त्यात पडंल."

पण रविवारी सकाळी शिकवायचं कबूल केलं. मोबदला म्हणून उपीट. पहिल्याच दिवशी त्यांनी ग्रीक अक्षरं बाजूला ठेवली आणि विहिरीची गोष्ट सांगितली. कमठाण्याला त्यांच्या शेतात विहीर आहे, शेजारच्या शेतात दुसरी. यांनी आपल्या विहिरीतला गाळ काढला. पुढच्या वर्षी पाणी चार हात वाढलं. घरचे खूश, गाळ काढल्याचा गुण आला म्हणून. पण त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. शेजाऱ्याने काहीच केलं नव्हतं, तरी त्याची विहीर दीड हात वाढली. म्हणजे दीड हात पावसाचे, राहिलेले अडीच गाळाचे. आधी आपल्या विहिरीतला फरक, मग त्यातून शेजाऱ्याच्या विहिरीतला फरक वजा.

एवढंच होतं तर पानभर समीकरणं कशाला मांडलीस? पण मला ते आवडलं, हे इथे लिहून ठेवते. ज्याने काहीच केलं नाही त्याच्याकडेही पाहायला लावतं हे शास्त्र. आम्ही मास्तर लोक तेवढं कधी करत नाही. आमच्या वर्गात मूल पास झालं की आम्हीच शिकवलं.

राग अजून गेलेला नाही. पण तो आता थोडा अभ्यासू झाला आहे.

तुझी,
जयंती आत्या


बिदर,
रविवार, १४ जुलै २०२४

चि. नेत्रा,

आशीर्वाद, आणि अभिनंदन. तुझा आकडा कळला. शंभरातल्या सत्तावीस. वसतिगृह नसतं तर ज्या दहावीपर्यंत पोचल्याच नसत्या अशा, दर शंभरातल्या सत्तावीस मुली. तू तो मेसेजमध्ये पाठवलास, पुढे एक नाचणारी बाहुली लावून. मी चहा टाकला होता, तो आटून भांडं जळेपर्यंत मला सुचलं नाही. मग मी तो आकडा भाजीवाल्याला सांगितला, तुझ्या आईला सांगितला, लिंगराज सरांना ते जिना उतरायच्या आत सांगितला. तुझा बाबा म्हणाला, "अगं, मला काल रात्रीच कळलाय." तरी त्याला पुन्हा ऐकवला.

माझा अभ्यास पुढे सरकला आहे. आता सर मला लॅपटॉपवर हिशेब करायला लावतात. त्यांनी कुठल्या तरी जुन्या सर्वेक्षणाचे आकडे दिले आणि आज्ञा टंकायला सांगितली. मी टंकली. संगणकाने लाल अक्षरांत कळवलं की एक स्वल्पविराम राहिला. मला! सर तोंड फिरवून खोकत होते. तो खोकला नव्हता.

मागच्या रविवारी शिकलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: गाळ काढला नसता तर दोन्ही विहिरी सारख्याच वाढल्या किंवा सारख्याच घटल्या असत्या. ते गृहीत कधी सिद्ध करता येत नाही, फक्त आधीच्या वर्षांत दोघी बरोबरीने चालत होत्या की नाही एवढं तपासता येतं. ते तू तपासलं आहेस. पान अठरावरच्या आलेखात २०११ पर्यंत दोन्ही रेघा बहिणींसारख्या शेजारी शेजारी चालतात. सुंदर आलेख आहे.

ऑक्टोबरात तुला गुलबर्ग्याला शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे हे मांडायचं आहे, हे ऐकून किती बरं वाटलं ते कागदावर येत नाही. त्यांना पटलं तर सीमेवरच्या आणखी तालुक्यांत अशी वसतिगृहं निघतील, आणि तुझ्या संस्थेच्या संचालकांनी नोकरीबद्दल सूचक काही म्हटलं आहे, ते तू तीन वेळा 'अजून नक्की नाही' असं लिहून मला पक्कं कळवलंस. इकडे निवृत्त शिक्षकांच्या मंडळाला बातमी लागली आहे. माझा सत्कार करणार आहेत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यात या लोकांनी मला एकदाच बोलावलं होतं, तेही सतरंज्या कमी पडल्या म्हणून.

तू विचारलं आहेस की पलीकडच्या गावांतल्या मुली माझ्याकडे येत होत्या का. अगं, पलीकडून सकाळच्या वेळेला धड एक बस नव्हती तेव्हा. शिवाय दुसऱ्या राज्यातला शाळेचा दाखला म्हटला की त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची सही हवी, शिक्का हवा, चार हेलपाटे हवेत. एवढं कोण करतं? असो.

परवा गुरुबाई येऊन गेली. तुला आठवते ना, वसतिगृहात स्वयंपाक करायची, तू उन्हाळ्यात आलीस की तुला सुक्या मेव्याचं करदंट चारायची ती? केस सगळे पांढरे झाले आहेत पण आवाज तोच. आम्ही दोघी जुन्या गोष्टी काढून हसत बसलो. तिने स्वयंपाकघरात एक नियम केला होता: जे हवं ते कन्नडमध्ये मागायचं, नाही तर वाढणार नाही. "रोट्टी कोडरी" म्हटलं की भाकरी. सरकारचा कन्नडचा मास्तर दोन वर्षांत जे करू शकला नाही ते तिने पळी हातात घेऊन केलं. एक महानंदा म्हणून होती, ती आली तेव्हा दोन-तीन दिवस नुसत्या भातावर राहिली, कारण भाकरीचा शब्द तिला येत नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती. आता तीच उदगीर–बिदर गाडीवर कंडक्टर आहे आणि दोन्ही भाषांत प्रवाशांना रागावते.

असो, असो. म्हातारपणी पत्र लांबतं. शेवया कमी खा.

आत्या


बिदर,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

नेत्रा,

मागच्या पत्रात तुझ्या एका प्रश्नाला मी जे लिहिलं ते उत्तर नव्हतं.

तू मला विचारलंस, मुली येत होत्या का. मी तुला बसचं वेळापत्रक सांगितलं. मग मी स्वतःच महानंदाची गोष्ट लिहून बसले. कमलनगरच्या आसपासच्या कुठल्याही मुलीला भाकरीचा कन्नड शब्द पहिलीपासून येतो. ज्या मुलीला तो येत नाही ती कुठली असणार? मला वाटलं तुझ्या लक्षात येईल, तू फोन करशील आणि मला सांगावं लागेल. तू फोन केलास, पण सत्काराला मी कुठली साडी नेसावी हे सांगायला. तू इतकी आनंदात होतीस की तू माझं पत्र आनंदाने वाचलंस. दोष तुझा नाही.

येत होत्या.

तुझा पान अठरावरचा आलेख मी पुन्हा काढला. २०१२ नंतर आपली रेघ वर जाते, ते ठीकच. पण पलीकडची रेघ खाली जाते. त्या वर्षांत सगळीकडे मुली जास्त शिकू लागल्या होत्या, नेत्रा. सायकली आल्या, मोफत पुस्तकं आली. मग तुझ्याच तुलना गावांत गळती कशी वाढली? तू तळटीपेत 'बहुधा दुष्काळ' असं लिहिलं आहेस. दुष्काळ सीमेवर येऊन थांबत नाही. तो तिकडे होता तेव्हा इकडेही होता.

मी एका रविवारी लिंगराज सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, तुमच्या त्या दोन विहिरींचा झरा आतून एकच असला तर?"

ते म्हणाले, "मग अवघड हाय अक्का. आमच्या विहिरीचा गाळ काढला की त्याचं पाणी आमच्याकडं यील. आमची वाढंल, त्याची घटंल, आन् आपण दोन्ही मिळवून म्हणू, बघा केवढा फरक पडला!" एवढं बोलून ते हसले, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. म्हणाले, "उपीट गार व्हायलंय, अक्का." त्यानंतर त्या दिवशी शिकवणं झालं नाही.

आता सगळं सांगते.

महानंदा ही गुरुबाईच्या बहिणीची मुलगी, पलीकडच्या, देवणी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वसतिगृह सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी, जूनमध्ये गुरुबाई तिला घेऊन माझ्या खोलीत आली. पोरीच्या हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यात कपडे. गुरुबाई म्हणाली, "बाई, हिला आठवीत बसवा."

मी म्हटलं, "दाखला?"

"दाखला मागितला तर मास्तर हिच्या बापाला सांगंल, आन् बाप म्हणंल दुसऱ्या राज्यात कशाला. आता समदे म्हणायलेत, मावशीकडं ऱ्हायला गेली. तसंच ऱ्हाऊ द्या की."

आठवीपर्यंत दाखल्यावाचूनही मुलाला घ्यावंच लागतं असा कायदा आहे. मी कायद्याने वागले. मी तिला घेतलं, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

मग ते पसरलं. आपल्याकडे कसं होतं तुला माहीत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना कुणाची तरी मावशी, कुणाची आत्या, कुणाची थोरली बहीण दिलेली. दर जूनमध्ये आणखी काही जणी येऊ लागल्या. दाखला कुणीच काढत नसे. मुलगी इथे रुळली नाही तर परत जाता यावं म्हणून तिकडचं नाव तसंच ठेवायचं, ही एक सोय. आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात जावं लागू नये, ही दुसरी. तिकडचे मास्तर काही महिने वाट पाहत, मग सतत गैरहजर म्हणून नाव कमी करत. त्यांच्याकडे ती मुलगी गळाली. माझ्याकडे ती दहावी पास झाली.

तू दोन्ही राज्यांतल्या शाळांचे आकडे घेतलेस, चोख घेतलेस. पण महानंदा त्यांत दोनदा आहे. एकदा पलीकडे, शाळा सोडलेली. एकदा अलीकडे, वसतिगृहामुळे शिकलेली. एका मुलीचं तू दोन मुलींएवढं अंतर मोजलंस. आणि तिच्यासारख्या किती तरी.

हे मला जुलैतच कळलं होतं. आलेखाला मी 'सुंदर' म्हटलं त्या दिवशीही थोडं थोडं कळलं होतं.

का सांगितलं नाही? तुझी नोकरी, हे एक कारण, आणि ते खोटं नाही. पण ते मी पहिलं लिहिलं म्हणून तेच पहिलं आहे असं समजू नकोस. नेत्रा, मी सदतीस वर्षं शिकवलं. कुणी मला वाईट म्हटलं नाही, आणि कुणी काही म्हटलंही नाही. शाळेचा निकाल लागायचा, पेढे वाटले जायचे, जून यायचा. मी काय केलं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि मग माझ्याच भाचीने, जिला मी कमलनगरच्या व्हरांड्यात पाढे म्हणायला लावले, तिने बंगळुरात बसून मोजलं आणि सांगितलं, एवढं. शंभरातल्या सत्तावीस. मला तो आकडा फार आवडला. मला तो सोडवेना.

लेख मागे घे असं मी म्हणणार नाही. ते तू ठरवायचं. तुला न सांगता मी त्या सभेत पहिल्या रांगेत बसू शकत नाही, एवढंच माझं मला ठरवता येतं.

रागावलीस तर राग. पण राग आल्यावर गप्प राहू नकोस, मला तुझ्या गप्प राहण्याची सवय नाही.

आत्या


बिदर,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

माझ्या नेत्रे,

गप्प राहिलीसच. आठवडाभर. मग एक मेसेज, ना नमस्कार, ना बाहुली: 'त्या मुलींची नावं मिळतील?'

तो वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी गिरिधरला फोन करून विनाकारण रागावले.

नावं कशी मिळाली ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आता सलग सांगते, कारण ते ऐकण्यासारखं आहे. महानंदाची गाडी दुपारी बिदरला थांबते. मी स्टँडवर गेले आणि तिला सगळं समजावलं. तिने वसतिगृहातल्या जुन्या मुलींचा फोनवर एक ग्रुप केलेला आहे, हे मला माहीत नव्हतं. मला त्यात घेतलेलं नाही, कारण, तिच्या शब्दांत, "तुम्ही असल्यावर आमाला नीट लिव्हावं लागंल, बाई." तिने तिथेच, चालकाला थांबवून, आवाजी निरोप टाकला: "ऐकायलात का गं, आपल्या बाईच्या भाचीला पलीकडच्या पोरी पायजेत. कोण कोण पळून आली व्हती, गाव सांगा, साल सांगा, लाजू नका!" संध्याकाळपर्यंत उत्तरंच उत्तरं. पुण्याहून, हैदराबादहून, एक मस्कतहून. काहींनी नवऱ्यांनाही बोलायला लावलं. गुरुबाईने ते सगळं माझ्या ओसरीत बसून ऐकलं आणि प्रत्येक आवाज ओळखला.

आणि काल तुझा फोन. आधी तू भांडलीस. बरं केलंस. तू म्हणालीस, "आकडा लहान झाला तर मी तुला कमी मानीन असं तुला वाटलं?" मी काही बोलले नाही, तू नेटवर्क समजलीस. नेटवर्क होतं. वाटलं होतं, नेत्रा. आता वाटत नाही.

मग तू नवा हिशेब सांगितलास. त्या मुली दोन्हीकडून काढल्या तर शंभरातल्या अकरा, आणि तेही नक्की अकरा नाही. चार ते अठरा यांच्या दरम्यान कुठेही. त्यांना त्यांच्या मूळ गावात पास म्हणून धरलं तर आणखी कमी. पलीकडची रेघही आता खाली जात नाही, आमच्यासारखीच हळूहळू वर चढते. तुझे संचालक म्हणाले की अकरावर अधिकारी टाळ्या वाजवणार नाहीत, आणि नोकरीचं ते आता बोलत नाहीत. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तू लहानपणी विचारायचीस त्या आवाजात विचारलंस, "आत्या, काढू का?"

संशोधन तुझं आहे, मला विचारायची तुला गरज नव्हती. तू का विचारलंस ते मला कळलं. म्हणून फोनवर उत्तर दिलं नाही. आज देते.

आधी थोडा राग लिहून घेते. सीमेच्या या बाजूच्या मुलींना घेणं हे माझं कामच होतं, पगार त्याचा होता. त्या मुलींना घेणं हे माझं काम नव्हतं. त्यांच्यासाठी मी ताटं कमी पडली तेव्हा भांडले, त्यांच्या बापांना सामोरी गेले, एकीच्या आजोबांनी मला शाळेच्या फाटकाशी उभं राहून अर्धा तास शिव्या दिल्या, आणि त्यांतल्या अर्ध्या कन्नडमध्ये होत्या म्हणजे तेही तयारी करून आले होते. आणि तुझं शास्त्र म्हणतं की आकडा खरा हवा तर नेमक्या याच मुली बाहेर काढा. मी लिंगराज सरांशी यावरून दोन रविवार भांडले. ते म्हणाले, "अक्का, काढलं म्हंजे त्या शिकल्या न्हाईत असं व्हत न्हाई. त्यांच्यावरून दुसऱ्या गावाचा हिशेब लावता येत न्हाई, एवढंच." मला ते पटत होतं आणि आवडत नव्हतं.

मग गुरुवारी महानंदा आली, गाडीला वेळ होता म्हणून. मी तिला सांगितलं की माझी भाची तुम्हाला हिशेबातून काढणार आहे. ती खुर्चीतून उठलीच. "कामून? आमी काय केलं?"

मी तिला कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. पलीकडची रेघ कशी खाली गेली ते दाखवलं. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हंजे तिकडं आमचं नाव शाळा सोडलेल्यांत हाय? अजून?"

"हो. गळती."

"मी शाळा सोडली न्हवती, बाई." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, आणि तिला मी भर गाडीत ओरडताना ऐकलेलं आहे. "एक दिवस बी सोडली न्हवती. इकडं आले व्हते. माझा बाप मरंस्तोवर म्हणायचा, हिनं शाळा सोडली. त्यात बी तसंच लिव्हलंय व्हय? ते आधी काढा म्हणावं. तिकडून काढा. इकडून बी काढायचं तर काढा, पण तिकडून आधी काढा."

मी इतके दिवस फक्त आमच्या बाजूने पाहत होते, नेत्रा. तिथून त्या गेल्या तर मला तोटा दिसत होता. त्या तिकडे, त्या दुसऱ्या रकान्यात, काय म्हणून उभ्या आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. सत्तावीसच्या आकड्यापैकी किती तरी भाग त्यांनी न केलेल्या गोष्टीवर उभा होता. त्यांनी शाळा सोडल्याचं धरल्याशिवाय मी एवढी मोठी होतच नव्हते.

तर काढ. तिकडून आधी काढ.

गुलबर्ग्याला अकरा हा आकडा पहिल्याच वाक्यात सांग, आणि सांगताना 'फक्त' म्हणू नकोस. चार ते अठरा हेही त्याच दमात सांग. कुणी विचारलं की ही दुरुस्ती कशी सापडली, तर माझं नाव घे, आणि त्या मुलींनी नावं दिली हे सांग. मी येणार आहे. मागच्या रांगेत बसेन, गुडघ्यामुळे, कारण तिथे पाय पसरता येतो. मंडळाला कळवलं आहे की सत्कार नको. खरंच काही करायचं असेल तर गुरुबाईला बोलवा, असंही सांगितलं. ते विचार करतो म्हणाले आहेत, म्हणजे करणार नाहीत. मीच तिला साडी घेईन.

नोकरीचं मला वाईट वाटतं. तू दाखवतेस त्यापेक्षा तुला जास्त वाटतं आहे हे मला ठाऊक आहे. बाबाला सांगू नकोस, तो आधी रडेल आणि मग सगळ्यांना सांगेल. माझ्याकडे ये. इथे खोली आहे, वर सर आहेत, आणि माझा अभ्यास अर्धवट आहे. सर आता म्हणतात की पुढचं शिकवायला त्यांना जमणार नाही, पुढचं भाचीलाच विचारा.

दिवाळीला तर येच. महानंदा फराळाला येणार आहे. तुमची गाठ घालून देताना मी सांगेन, ही माझी भाची, हिनेच तुला काढलं. ती तुला खूप बोलेल. मध्ये तोडू नकोस, सगळं ऐकून घे, आणि मग तिला दाखव, तिकडच्या रकान्यात ती आता नाही.

आकडा कितीही निघो, तुझीच,
जयंती आत्या